बिनआवाजाचं मशीन

माझ्या नवऱ्यानं लोखंड कापायचं मशीन निवडलं ते कान देऊन. बाकीची माणसं मोटर बघतात, किती वेळात किती कापतं ते बघतात. यांनी नुसता आवाज ऐकला. त्या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि आता या वयात जाईल असं वाटतही नाही.

ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांत माझी नेमणूक तेलुगू मुलखातल्या वांकिडीच्या मराठी शाळेत झाली. माहेर राजुऱ्याकडचं. सरहद्दीपलीकडं आलं की सरकार बदलायचं, ऑफिसात तेलुगू सुरू व्हायची, पण शेतात तोच कापूस, तीच ज्वारी आणि घरात तीच आमची बोली. हे तेव्हा चांद्याच्या एका कारखान्यात फिटर होते, आयटीआय झालेले. दोन ठिकाणी दोन चुली नकोत म्हणून यांनी नोकरी सोडली आणि माझ्यामागं वांकिडीला आले. बायकोच्या नोकरीमागं येणारा नवरा गावानं पाहिलेला नव्हता. लोक तोंडावर हसायचे नाहीत, पण हसायचे.

त्यात आम्ही बौद्ध. आमच्या लोकांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या पलीकडं. आम्ही मात्र शाळेजवळच्या गल्लीत घर घेतलं, जिथं सगळी शेतकऱ्यांची घरं होती. घर विकणारा म्हातारा लेकाकडं हैदराबादला निघालेला, सामान बांधून बसलेला. गिऱ्हाईक कोण आहे हे बघायला त्याला सवड नव्हती. नंतर गल्लीनं त्याला पुष्कळ नावं ठेवली असं मला शाळेतल्या बाईंकडून कळलं.

घर दोन खोल्यांचं आणि मागं मोकळी जागा. तिथं यांनी टिनाचं शेड घातलं, एक जड टेबल ठोकलं, त्यावर लोखंड पकडायचा शिकंजा बसवला, वेल्डिंगचं मशीन आणलं आणि काम सुरू केलं. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, कूलरचे स्टँड, बैलबंडीच्या आसाचं किरकोळ काम. तेव्हा गावात कवेलूची घरं मोडून स्लॅबची घरं उठायला लागली होती आणि स्लॅबच्या घराला लोखंडी जाळी लागतेच. काम येत गेलं.

सगळं कापणं मात्र हातानं. हाताची करवत, जिला सगळे एक्सा म्हणतात, ती घेऊन हे सकाळपासून काटकोनी अँगल नि सळया कापत बसायचे. एका खिडकीला किती तुकडे लागतात हे मी शेडमध्ये जाऊन बघितलं तेव्हा कळलं. करवतीचं पान तापायचं, मधूनच तुटायचं, तुटताना बोटं फोडायचं. दोन-तीन वर्षांत यांचा उजवा खांदा असा धरला की सदरा घालताना आधी मला बाही धरावी लागायची. डॉक्टर म्हणाला, हे काम थांबवा. म्हणजे दुसरं काहीतरी करा. दुसरं काय करणार ते त्यानं सांगितलं नाही.

तेव्हा मशीन घ्यायचं ठरलं.

संध्याकाळी जेवताना हे मला समजावून सांगायचे. बोलणारा माणूस नव्हे, पण लोखंडाचा विषय निघाला की घास हातात राहायचा. गॅसनं कापलं की काठ जळतो, ओबडधोबड होतो, जाळीच्या पातळ कामाला ते चालत नाही. लांब दांड्याची कात्री मिळते, ती पट्टी कापते, पण अँगल चेपून टाकते. मग राहिली दोन मशीनं. एक चाकाचं. मोटरवर दगडाचं पातळ चाक गरगर फिरतं, दांडा खाली दाबला की ठिणग्यांचा फवारा उडतो आणि बोलता बोलता अँगलचे दोन तुकडे. दुसरं, एक्साचंच मोठं भावंड. मोटर करवतीला मागं-पुढं ओढते, वरून दुधासारखं पांढरं तेलपाणी पडत राहतं आणि ती हळूहळू कापत जाते. काप सरळ येतो, पण वेळ खाते. कारखान्यात यांनी दोन्ही चालवली होती.

"जाळीच्या कामाले चाकच पाहिजे," हे म्हणाले. "आठवड्याचं काम दोन दिवसांत होते."

माझ्याही मनात तेच भरलं. आमच्यात कसला वाद नव्हता. यांनी वीज ऑफिसात जाऊन जास्तीच्या जोडणीची चौकशी केली. तिथल्या लाइनमननं तेलुगूत काहीतरी विचारलं, यांनी हिंदीत उत्तर दिलं, आणि दुसऱ्या दिवशी ती बातमी गल्लीत होती.

समोरच्या घरात महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायचे. नोकरीत गिरदावर, म्हणजे तलाठ्यांच्या वरचे अधिकारी होते; म्हणून सगळं गाव त्यांना साहेबच म्हणायचं. गल्लीत कुणाचा नळ कुठं जावा, कुणाची बंडी कुठं सुटावी, हे तेच ठरवायचे आणि तेही कुणाला न रागावता. आम्ही राहायला आल्यापासून त्यांनी एकेक गोष्ट गोडीनं सांगितली होती. ठोकाठोकी शाळा सुरू झाल्यावर करत जा. वेल्डिंगनं आमचे दिवे मिचमिचतात, रेडिओ खरखरतो, तेव्हा बातम्यांच्या वेळी बंद ठेवत जा. लोखंड भिंतीला बाहेरून टेकवू नका. हे प्रत्येक वेळी बरं म्हणायचे.

त्या दिवशी साहेब प्रथमच आमच्या अंगणात येऊन बसले. मी चहा ठेवला. आत्ताच घेतला म्हणाले. त्यानंतरही आमच्या घरी ते नेहमी आत्ताच घेतलेला चहा घेऊन यायचे.

"मोठं मशीन आनून राह्यले म्हन्ते, मिस्त्री," साहेब म्हणाले. "आमी काही मना नाही करत. पन गल्लीत म्हातारी मानसं हायेत, लेकरं अभ्यास करून राह्यले. उद्या कोनं दरखास दिली, ऑफिसातून मानसं मुआयन्याले आले, तं तुमालेच तरास."

हे हाताचं तेल फडक्याला पुसत राहिले.

"तिकडं तुमच्या वस्तीत जागा मोकळी हाये," साहेब पुढं म्हणाले. "शेड तिकडं टाकलं तं कोनाचंच काही म्हननं नाही. तुमची मानसं, तुमची जागा."

मी दारात उभी होते. यांनी माझ्याकडं बघितलं नाही. शांतपणे म्हणाले, "साहेब, बिनआवाजाचं मशीन आनतो."

साहेबांनी मान डोलावली, तुमी समजदार हाये, म्हणाले आणि उठले.

ते गेल्यावर, रात्री जेवताना मी बोलायचं ते बोलले. गल्लीच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती, तिचं धुराडं दिवसभर टुकटुक करायचं, शाळेत फळ्यावर लिहिताना मला ऐकू यायचं. गणपतीत याच साहेबांच्या दारासमोर भोंगा लागायचा. मी विचारलं, "ते आवाज म्हाताऱ्यांच्या कानात जात नाही काय?"

"गिरनी आधीपासून हाये," हे म्हणाले.

"आन् आपन?"

"आपन मागून आलो."

एवढंच. मी म्हटलं, आपण कुणाच्या जागेत राहत नाही, घर आपल्या नावावर आहे. हे म्हणाले, मला भांडून राहायचं नाही. मग ताटावरून उठून हात धुतले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही चांद्याला गेलो. मशीनच्या बाजारात एक हिंदी बोलणारा दुकानदार होता, त्याच्याकडं दोन्ही मशीनं होती. त्यानं आधी चाकाचं चालवून दाखवलं. दांडा दाबताच अशी किंकाळी उठली की मी दोन्ही हात कानावर घेतले. ठिणग्या पार उंबऱ्यापर्यंत आल्या. हात काढते तोवर अँगल कापून खाली पडलेला. दुकानदार खुशीत आमच्याकडं बघत होता. यांचे डोळे त्या कापलेल्या तोंडावर होते. मी यांना ओळखत होते. मिठाईच्या दुकानासमोर लेकरू उभं राहतं तसे उभे होते.

मग यांनी त्याला दुसरं चालवायला सांगितलं आणि स्वतः दुकानातून बाहेर पडले. रस्ता ओलांडला. पलीकडच्या सायकलच्या दुकानाशी जाऊन उभे राहिले आणि तिथून हात वर करून खूण केली, चालव. करवत घसर घसर करत मागं-पुढं जायला लागली. हे मान तिरपी करून ऐकत होते. मधून बंडी गेली, ती जाऊ दिली, परत ऐकलं. मग दहा पावलं आणखी मागं सरून ऐकलं. दुकानदारानं मला विचारलं, "बहनजी, भाईसाब को लोहा काटना है ना?" मी म्हटलं, हो.

हे परत आले तेव्हा त्यानं भल्यापणानं समजावलं की जाळीच्या कामाला हे घेऊ नका, हे गतीचं नाही, गिऱ्हाईक थांबत नाही. तो बिचारा काहीतरी गळ्यात मारायला बघत नव्हता, खरं तेच सांगत होता. मीही म्हटलं, एकदा विचार करा. हे म्हणाले, "रस्त्यापलीकडं ऐकू येत नाही. हेच द्या."

मशीन ट्रकवरून आलं, चार माणसांनी उतरवलं. पहिल्या दिवशी चालू झालं तेव्हा गल्लीतली माणसं एकेक करून येऊन शेडच्या तोंडाशी उभी राहिली. लोक नवं मशीन बघायला येतात, आमच्याकडं ऐकायला आले होते. साहेब शेवटी आले. थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, आवाज तं काहीच नाही. त्याच महिन्यात त्यांनी आपल्या अंगणाचं फाटक यांच्याकडून करून घेतलं.

पुढची कित्येक वर्षं त्या घसर घसरीत गेली. अँगल शिकंज्यात धरायचा, करवत टेकवायची, तेलपाण्याची तोटी सोडायची आणि ती कापेपर्यंत दुसरं काहीतरी करत बसायचं. काप आरशासारखा सरळ यायचा, पण खिडकी सरळ कापाची आहे म्हणून कुणी जास्त थांबत नाही. घरभरणीची तारीख जवळ आली की गिऱ्हाईक आसिफाबादला जायचं, तिथं चाकाची मशीनं आली होती. आमच्याकडं उरायची ती घाई नसलेली कामं. घर माझ्या पगारावर चाललं. यांचा खांदा मात्र सुटला, ते खरं.

आणि हे सुखी होते. ते मला सगळ्यात जास्त लागायचं. गल्लीच्या तोंडाशी नालीवर एक छोटा पूल होता, संध्याकाळी साहेब आणि दोघं-चौघं त्याच्या कठड्यावर बसायचे. मशीन आल्यानंतर ते यांना हाक मारायला लागले, या मिस्त्री, बसा. हे हातपाय धुऊन, स्वच्छ सदरा घालून जायचे. कापसाच्या भावाच्या, पावसाच्या गप्पा व्हायच्या. बसणं कुणाच्याच घरी नसायचं, त्यामुळं चहाचा प्रश्न यायचा नाही. यांनी जे विकत घेतलं होतं ते मशीन नव्हतंच, ती कठड्यावरची जागा होती. मला ती जागा फार महाग वाटायची.

नव्वदनंतर साहेबांच्या पुतण्यानं दुकान काढलं. बारावी नापास होऊन बरीच वर्षं मोटारसायकलवर फिरणारा मुलगा. साहेबांच्याच घराच्या रस्त्याकडच्या खोलीला शटर बसवलं, बाहेर जाळ्या-फाटकांची पाटी लावली आणि आत चाकाचं मशीन. रविवार होता. नारळ फुटला, हळदीकुंकू झालं आणि पहिला दांडा साहेबांनी स्वतःच्या हातानं दाबला. ती किंकाळी आमच्या स्वयंपाकघरात आली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. पेढे आम्हालाही आले.

मी एक आठवडा वाट बघितली. कुणीतरी म्हातारा बोलेल, कुणाच्या लेकराचा अभ्यास मोडेल. सकाळी लवकर सुरू व्हायचं, दिवेलागणीपर्यंत चालायचं. भिंतीला बाहेरून लोखंड टेकलेलं असायचं. कुणीच काही म्हणालं नाही. मग मीच गेले.

साहेब ओट्यावर खुर्चीत पेपर वाचत होते. बसा बाई, म्हणाले. मी उभीच राहिले. शटरच्या आत मशीन चालू होतं, म्हणून दोघांनाही मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"साहेब, आवाज लय होते."

"पोट्टं रिकामं फिरून राह्यलं होतं," ते म्हणाले. "हाताले काम लागलं. गल्लीनं थोडं सोसावं लागते, बाई."

"आमच्या टायमाले गल्लीनं काऊन नाही सोसलं?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. चेहऱ्यावर खरंच आश्चर्य होतं, सोंग नव्हतं. "तुमाले कोनं मना केलं होतं? मिस्त्रीनं सोताच्या मनानं तसलं मशीन आनलं. मी तं मना करत नाही म्हनलो होतो." मग समजूत घातल्यासारखं म्हणाले, "आन् तुमाले काय कमी हाये? तुमी सरकारी मानसं. आमच्या पोट्ट्याले कोन नोकरी देते?"

त्यात एक शब्द खोटा नव्हता. मना करत नाही, असंच ते म्हणाले होते. मी परत फिरले. त्यावर आजही मला सुचतात त्या नुसत्या शिव्या.

घरी आल्यावर हे माझ्यावर चिडले. लग्नानंतर यांचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "तू काऊन गेली? आता मी तिथं पुलावर कसा बसू?"

पण हे बसले. साहेबांनी झालेलं मनावर घेतलं नाही, दुसऱ्या संध्याकाळी नेहमीसारखी हाक मारली. हे गेले.

गावातलं उरलंसुरलं काम वर्षभरात समोर गेलं. पुतण्या वाईट मुलगा नव्हता. चाकानं लोखंडाचा जाड दांडा कापला की तोंड तिरपं येतं, मग तो ते दांडे यांच्याकडं पाठवायचा, काकाजी, एवढं सरळ करून द्या. आधी दांडे आले, मग एक दिवस तो स्वतः आला आणि म्हणाला, तुम्ही इथं एकटे बसता, त्यापेक्षा माझ्याकडंच या, हात कमी पडून राह्यला. मी शाळेतून आले तेव्हा यांनी मला सांगितलं, सोमवारपासून जातो.

मी म्हटलं, जाऊ नका. मी म्हटलं, माझ्या पगारात भागतं, घरी बसा, वाटलं तर आसिफाबादला काम बघा, पण समोरच्या दारात जाऊ नका. हे म्हणाले, "लोखंड कापता येते मले. कोनाच्या शेडात हाये ते लोखंडाले काय माहीत?"

सोमवारी हे रस्ता ओलांडून गेले. जे मशीन घ्यायचं आम्ही आधी ठरवलं होतं तेच आता हे चालवत होते, दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या पाटीखाली. दांडा दाबायचे तो आवाज मला ओळखू यायला लागला. पुतण्या झटका द्यायचा, हे सावकाश दाबायचे. मी शाळेत जायला दुसरी वाट धरली. आमच्या घरात त्याबद्दल नंतर बोलणं झालं नाही. हे डबा घेऊन जात नव्हते, दुपारी घरी येऊन जेवायचे. समोरच्या घरात जेवायला बसण्याचा प्रश्न कुणी काढला नाही, त्यांनीही नाही, यांनीही नाही.

माझी बदली आदिलाबादला झाली तेव्हा साहेब वारून दोन-तीन वर्षं झाली होती. आमचं घर पुतण्यानंच घेतलं, मागच्या शेडसकट आणि मशीनसकट. न्यायला जड होतं ते, आणि त्याला दांड्यांसाठी हवं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी एकटीनं भांडी बांधली, कारण हे दिवसभर शेडमध्ये त्याला शिकवत होते. तेलपाण्यात तेल किती, पान किती ताणायचं, करवत कशी हळू टेकवायची. मी दोनदा हाक मारली. आलो, म्हणाले.

निघताना शेजारच्या बाया जमल्या. शेजारच्या घरातली म्हातारी तर खरोखर रडली. माझा हात धरून म्हणाली, "तुमच्यावानी शेजार भेटनार नाही, बाई. इतके वर्सं राह्यले, कधी काही आवाज नाही." यांनी सगळ्यांना हात जोडले. मी ट्रकमध्ये आधीच जाऊन बसले होते.

आदिलाबादला आम्ही आमच्याच लोकांच्या वस्तीत घर घेतलं. विहार जवळ, रस्ता रुंद, मागं चांगली जागा. जयंतीला सगळी वस्ती नाचते, तिथं कुणी कुणाच्या आवाजाला हरकत घेत नाही. मी यांना म्हटलं, आता घ्या तुमच्या मनासारखं चाकाचं मशीन, मी बघते सगळं, इथं कोण अडवतंय?

हे मागच्या जागेत उभे होते. कुंपणापलीकडच्या घराकडं बघत म्हणाले, "शेजारच्या मास्तरची पोरगी दहावीले हाये. तिची परीक्षा होऊ दे."

तिची परीक्षा झाली. मग तिच्या भावाची आली.